८०० लिटरची रीफ टाकी: काच कापायला देण्याआधी काय काय पक्कं करावं?

शंखशिंपला

नमस्कार मंडळी,

घरात मोठी खाऱ्या पाण्याची रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांची (कोरलांची) टाकी, बांधायची ठरवली आहे. काच अजून कापायला दिलेली नाही, म्हणून आत्ताच आराखडा इथे मांडतो. चुका दिसतील तिथे स्पष्ट सांगा.

टाकी १८० × ७५ × ६० सेंमी, काच १५ मिमी, वरच्या कडेला आतून काचेच्या पट्ट्या. संप (पंप, हीटर वगैरे ठेवायची दुसरी टाकी) ९० × ४० × ४० सेंमी, खालच्या स्टँडमध्ये. ओव्हरफ्लोचा डबा (टाकीतलं वरचं पाणी यातून संपमध्ये उतरतं) मागच्या काचेला बाहेरून, त्याला तीन पाइप. रिटर्नची (संपमधलं पाणी पंपाने परत वर आणणाऱ्या पाइपाची) दोन तोंडं पाण्याखाली १० सेंमी, म्हणजे वर बुडबुडे दिसणार नाहीत. ड्राय रॉक (कोरडा सच्छिद्र दगड) ९० किलो, वाळूचा थर ८ सेंमी. आरओडीआयची (गाळून शुद्ध केलेल्या गोड्या पाण्याची) लाइन थेट संपमधल्या फ्लोट व्हॉल्व्हला जोडायची, म्हणजे बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी आपोआप भरत राहील. ६०० वॅटचा एक हीटर. थंड करायला चिलर की पंखे, हे ठरत नाहीये.

पुढे मिश्र रीफ करायचं आहे. खाली एलपीएस (मोठ्या पॉलिपांची दगडी कोरलं), वर एसपीएस (छोट्या पॉलिपांची), आणि दोन-तीन टँग मासे.

---

भरतीओहोटी

काच कापण्याआधी विचारलंत हे फार बरं झालं. तुमचा संप आणि रिटर्नची तोंडं या दोन गोष्टी एकत्र आल्या की वीज पहिल्यांदा जाईल तेव्हाच पाणी जमिनीवर येणार आहे. आधी तो हिशोब.

काचेची जाडी वजा जाता टाकीची आतली मापं १७७ × ७२ सेंमी राहतात. म्हणजे पातळी १ सेंमी उतरली की पावणेतेरा लिटर पाणी खाली गेलं. पंप चालू असताना ओव्हरफ्लोच्या कडेला असलेल्या दातांवरून पाणी साधारण दीड सेंमी उंचीने वाहत असतं. पंप थांबला की आधी ते उतरतं, १९ लिटर. ओव्हरफ्लोचा डबा आणि पाइप रिकामे होतात, ते धरा १० लिटर. उरलं रिटर्नचं तोंड. पाणी तोंडाखाली उतरून आत हवा शिरेपर्यंत रिटर्नचा पाइप उलटा सायफन होऊन टाकी उपसत राहतो. तोंड दातांच्या खाली १० सेंमी असेल तर १२७ लिटर. बेरीज १५६ लिटर.

तुमच्या संपमध्ये दर सेंटिमीटरला जेमतेम ३.३ लिटर मावतं. १५६ लिटरना ४७ सेंमी उंची हवी, आणि संप मुळात ४० सेंमीचा, त्यातले समजा २२ सेंमी आधीच भरलेले.

आता तोंडं दातांच्या खाली फक्त अडीच सेंमीवर आणा. ३२ + १९ + १० = ६१ लिटर. संप १२० × ५० × ४५ करा. त्यात दर सेंटिमीटरला साडेपाच लिटरच्या वर मावतं, म्हणजे पाणी ११ सेंमी चढेल. २३ वरून ३४ वर. कडेपर्यंत अजून ११ सेंमी हात राखून. बुडबुड्यांची काळजी सोडा, तोंड किंचित खाली वळवलं की ते बंद होतात. काही जण तोंडाजवळ ६ मिमीचं भोक पाडून सायफन तोडतात. भोक जरूर पाडा, पण हिशोब त्याच्या भरवशावर करू नका. कोरलाइन शेवाळ ते बुजवतं किंवा एखादी गोगलगाय नेमकी तिथे येऊन बसते. चेक व्हॉल्व्हचंही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेचं) तसंच. झडपेच्या कडेला चुन्याचा एक कण अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही.

वजन. टाकीतलं पाणी, दगड, वाळू, काच, भरलेला संप आणि स्टँड मिळून सव्वा टन होतं. ते १.३५ चौरस मीटरवर उभं राहणार, म्हणजे चौरस मीटरला ९०० किलोच्या पुढे. राहत्या घराचा स्लॅब सहसा १५० ते २०० किलोच्या सरसकट भाराला धरलेला असतो. हे आकडे थेट एकमेकांशी ताडता येत नाहीत, कारण तो भार पूर्ण खोलीभर धरलेला असतो आणि टाकी एका कोपऱ्यात असते. बीम कुठून जातो आणि टाकी त्याला आडवी आहे की समांतर, यावर सगळं ठरतं. तळमजल्यावर जमिनीवरच्या फरशीवर ठेवणार असाल तर प्रश्न बराच सोपा. वरच्या मजल्यावर असाल तर इमारतीचे नकाशे घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी उत्तर घ्या. या बाबतीत आमच्यापैकी कोणाचाही अंदाज चालणार नाही.

स्टँडची लेव्हल लांबीभर बघायला छोटी बुडबुड्याची लेव्हल पुरत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या. चार कोपऱ्यांत मिळून २ मिमीपेक्षा जास्त फरक नको. फरक असेल तर पाचर स्टँडच्या पायाखाली घाला. टाकी आणि स्टँडच्या मधे पाचर कधीच नको, काचेचा तळ त्या एका बिंदूवर टेकतो आणि तडकतो. वरच्या १८ मिमी प्लायवर ५ ते १० मिमी फोमची शीट हवीच. आणि स्टँडच्या पुढच्या बाजूला मधोमध पाय येत असेल तर १२० सेंमीचा संप नंतर आत जाणार नाही. तो पाय नटबोल्टचा करा किंवा संप आधी आत सरकवा.

तीन पाइपांचं तुमचं ठरलं आहे ते उत्तम. पहिला पूर्ण सायफन, ३२ मिमी, त्यावर गेट व्हॉल्व्ह. बॉल व्हॉल्व्ह नको, तो केसभर फिरवला तरी प्रवाह एकदम बदलतो. दुसरा उघडा पाइप, ४० मिमी, त्यात फक्त थोडं पाणी भिंतीला लागून उतरतं. तिसरा आणीबाणीचा, तोही ४० मिमी, तोंड सगळ्यात उंच आणि कायम कोरडं.

जुळवणी अशी करतात. पंप सुरू करून सायफनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा. डब्यातलं पाणी खाली खाली जाईल आणि पाइप हवा ओढून घोरायला लागेल. आता व्हॉल्व्ह पाव-पाव फेरा बंद करत जा आणि दर वेळी दोन मिनिटं थांबा. घोरणं थांबेल, पातळी हळूहळू वर येईल आणि उघड्या पाइपात बोटाएवढी धार उतरू लागेल. तिथेच थांबा. बरोबर जुळलं असेल तर खोलीत फक्त पंपाची घरघर ऐकू येते. सायफनच्या पाइपाचं खालचं टोक संपच्या पाण्यात २ ते ३ सेंमीच बुडवा. जास्त खोल बुडवलं तर वीज परत आल्यावर पाइपातली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन आपोआप धरत नाही. आणीबाणीच्या पाइपाचं टोक मात्र पाण्याच्या वर ठेवा. त्यातून पाणी पडल्याचा आवाज आला की काहीतरी तुंबलं आहे हे दुसऱ्या खोलीतही कळतं.

दगड ९० किलो जास्त होतात. ५० ते ५५ किलो सच्छिद्र दगड पुरतो. दगड थेट तळाच्या काचेवर किंवा पातळ प्लास्टिकच्या जाळीवर टेकवा आणि वाळू नंतर टाका. वाळूवर दगड ठेवले तर गोबी मासे आणि पिस्टल कोळंबी खालून बीळ काढतात आणि ढीग घसरतो. समोरच्या आणि बाजूच्या काचांपासून १५ सेंमी जागा सोडा, नाहीतर काच पुसायचं चुंबक फिरणार नाही. ८ सेंमी वाळू म्हणजे दीडशे किलो. तेवढी कशासाठी? ३ सेंमी ठेवा, ५५-६० किलोंत भागतं आणि खालचा थर कुजत नाही.

---

खारफुटी

वरच्या हिशोबाशी सहमत. मी फक्त पाणी, वीज आणि उष्णता यांवर लिहितो.

आरओडीआयची लाइन थेट संपला जोडू नका. बाष्पीभवनात मीठ मागे राहतं, म्हणून टॉप-अप गोड्या पाण्याचंच असतं, इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण फ्लोट व्हॉल्व्ह अडकला की नळ रात्रभर वाहत राहतो. १०० लिटर गोडं पाणी आत गेलं तर ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) खारटपणाचं पाणी ३१ वर येतं, आणि तोवर संपही भरून वाहिलेला असतो. त्याऐवजी ४० लिटरचा बंद डबा शेजारी ठेवा आणि छोट्या पंपाने त्यातून भरा. पूर्ण डबा एका झटक्यात आत गेला तरी खारटपणा ३३.३ च्या खाली जात नाही, आणि मासे-कोरल तेवढं सोसतात. सेन्सर रिटर्न पंपाच्या कप्प्यातच हवा, कारण पाणी फक्त तिथलंच कमी होताना दिसतं. स्किमरच्या (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राच्या) कप्प्याची पातळी पार्टिशनमुळे स्थिर राहते. सेन्सर दोन लावा, एक रोजचा आणि एक त्याच्या वर, नुसता पंप बंद करणारा.

टॉप-अपच्या पंपाची नळीही तपासा. डब्याची पातळी संपपेक्षा उंच असेल आणि नळीचं टोक संपच्या पाण्यात बुडालेलं असेल तर पंप बंद झाल्यावरही सायफन चालू राहतो. टोक पाण्याच्या वर हवेत ठेवा.

चिलर की पंखे? १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६८ युनिट उष्णता जाते. पंख्यांनी रोज ८ लिटर उडवलं तर दिवसभरात साडेपाच युनिट, म्हणजे सरासरी २२५ वॅट. तुमचे पंप आणि दिव्यांचे वॅट २४ तासांच्या सरासरीने मोजा. ते याच्या आसपास असतील आणि हवा कोरडी असेल तर पंखे पुरतात. हवा दमट असेल तर वाफच कमी होते, आणि नेमक्या उकाड्याच्या दिवसांत पंखे हात टेकतात. तिथे चिलरच. फक्त चिलर स्टँडच्या आत कोंडू नका. तो पाण्यातून काढलेली उष्णता आणि स्वतःची उष्णता तिथेच ओततो, म्हणजे तीच हवा परत तापते.

एकच ६०० वॅटचा हीटर काढून टाका, ३००-३०० चे दोन घ्या आणि दोन्ही बाहेरच्या थर्मोस्टॅटवर २५.५ अंशांवर लावा. हीटरचा रिले बहुतेक वेळा चालू अवस्थेतच चिकटतो. ३०० वॅटचा एक चिकटला तर ८०० लिटर पाणी तासाला फार तर एक तृतीयांश अंश तापतं, तुम्हाला लक्षात यायला वेळ मिळतो. ६०० चा चिकटला तर रात्रीत खेळ संपतो.

वीज दोन वेगळ्या सर्किटवर विभागा. एकावर रिटर्न आणि एक हीटर, दुसऱ्यावर वेव्हमेकर (टाकीत प्रवाह निर्माण करणारा पंप) आणि दुसरा हीटर. दोन्हींना स्वतंत्र ३० मिलिअँपचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच). सगळं एकाच आरसीसीबीवर असेल तर एका खराब पंपाच्या गळतीने पूर्ण टाकी बंद पडते. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर चढली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खालीच टपकतं. सॉकेटची पट्टी संपच्या कपाटात नको. तिथल्या दमट खारट हवेने पितळी पट्ट्या हिरव्या पडतात आणि तापतात.

वीज गेल्यावर पहिला धोका ऑक्सिजनचा. तापमान उतरायला किंवा चढायला वेळ लागतो, पण माशांनी भरलेल्या टाकीत प्राणवायू काही तासांत संपत येतो. बॅटरीवर चालणारा एक डीसी वेव्हमेकर पृष्ठभागाजवळ ठेवा, पाणी वर ढवळलं गेलं पाहिजे. दिवे, स्किमर, रिटर्न तेवढा वेळ बंद राहिले तरी चालतं.

---

शंखशिंपला

दोघांचेही मनापासून आभार. संप १२० चा केला, तोंडं वर घेतली, टॉप-अपला ४० लिटरचा डबा.

पुढचे दोन प्रश्न. ड्राय रॉकवर सायकल (माशांआधी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वाढवणं) नक्की कशी करायची आणि संपली हे कसं ओळखायचं? आणि टॉप-अपच्या डब्यात पहिल्या दिवसापासून चुन्याची निवळी घातली तर कॅल्शियम आणि केएच (आल्कलिनिटी) दोन्हींचं काम होईल ना?

---

मीठमोजणी

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण तिथे नुकसान लवकर होतं. पहिल्या दिवसापासून चुन्याची निवळी नको.

संपृक्त निवळीत लिटरला साधारण ४० मिलिइक्विव्हॅलंट आल्कलिनिटी असते. रोज ८ लिटर गेली तर ८०० लिटर पाण्यात दिवसाला १.१ डीकेएच (केएच मोजायचं एकक) वाढ होते. वाढत्या एसपीएसने भरलेली टाकी एवढं खाऊ शकते. नव्या टाकीत खाणारं कोणी नसतं, थोडं कोरलाइन शेवाळ सोडलं तर. चार दिवसांत केएच ८ वरून १२ च्या पुढे जाईल, पीएच चढेल आणि पंपांच्या आत, हीटरवर चुन्याचा पांढरा थर बसेल. शिवाय निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. टॉप-अपचा सेन्सर अडकला तर ४० लिटर गोडं पाणी टाकी सोसते, ४० लिटर निवळी सोसत नाही.

आधी खप मोजा. आठवडाभर काही न घालता रोज एकाच वेळी केएच तपासा. समजा ८.४ चं तीन दिवसांत ७.८ झालं, तर खप रोज ०.२. ८०० लिटरना १ डीकेएच चढवायला २४ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट लागतं, किंवा १५ ग्रॅम सोडियम कार्बोनेट. म्हणजे ०.२ साठी बायकार्बोनेट पाच ग्रॅमच्या आत. कोरलं सांगाडा बांधताना १ डीकेएचमागे सुमारे ७ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) कॅल्शियम ओढतात, त्यासाठी डायहायड्रेट कॅल्शियम क्लोराइड २१ ग्रॅम, म्हणून ०.२ ला सव्वाचार ग्रॅम. दोन्ही द्रावणं एकाच जागी ओतू नका, भेटताक्षणी पांढरा साका तयार होतो आणि दोन्ही वाया जातात. डोसिंग पंप असेल तर दोन्हींच्या वेळा अर्ध्या तासाने वेगळ्या करा. खप ०.५ च्या पुढे गेला की निवळीचा विचार करा, तीही वेगळ्या डोसिंग पंपाने, रात्री, मोजून. रात्री अशासाठी की दिवे बंद असताना पीएच सगळ्यात खाली असतो.

मोजायचं केएच, कारण तेच आधी हलतं. ४२० पीपीएमच्या कॅल्शियममधून ७ गेलं तर किटमध्ये दिसतही नाही, ८ मधलं १ गेलेलं लगेच दिसतं. केएच ७.५ ते ८.५, कॅल्शियम ४०० ते ४४०, मॅग्नेशियम १२५० ते १३५०. यांतला नेमका कोणता आकडा निवडता याला फार महत्त्व नाही, तो दिवसामागून दिवस तसाच राहण्याला आहे. एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त कधी हलवू नका. केएच घसरलंय म्हणून एकदम वर ओढण्याने एसपीएसची टोकं जळतात.

आता पाणी भरणं आणि सायकल. मिठाचं मिश्रण लिटरला ३८ ते ४० ग्रॅम लागतं, म्हणजे एकूण ३०-३२ किलो. पाणी आधी, मीठ नंतर, पंप चालू ठेवून थोडं थोडं. उलट केलं, मिठावर पाणी ओतलं, तर तळाशी घट्ट द्रावणात कॅल्शियम कार्बोनेट बसतं, पाणी दुधाळ होतं आणि केएच कमी भरतं. आरओडीआयचा टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य हवा. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवा. शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलेला रिफ्रॅक्टोमीटर वरच्या टोकाला दोन-तीन पीपीटी चुकू शकतो. ३५ पीपीटी म्हणजे २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व १.०२६४.

ड्राय रॉकवर बॅक्टेरिया नसतात, म्हणून बाटलीतले घाला आणि त्यांना खाणं द्या. ५ ग्रॅम अमोनियम क्लोराइड ८०० लिटरमध्ये साधारण २ पीपीएम अमोनिया देतं. दिवे बंदच ठेवा, उजेड मिळाला तर बॅक्टेरियाऐवजी शेवाळ फोफावतं. अमोनिया शून्यावर आला की परत ५ ग्रॅम. २ पीपीएम चोवीस तासांत शून्य होणं लागोपाठ दोनदा दिसलं की मासे सोडायला हरकत नाही. एरवी चार-सहा आठवडे धरा. नायट्राइटचा आकडा बघून घाबरू नका. समुद्राच्या पाण्यातलं क्लोराइड माशाच्या कल्ल्यातून नायट्राइट आत जाऊ देत नाही. त्याचा त्रास वेगळा आहे. नायट्राइट असताना नायट्रेटचं किट खूप फुगवून आकडा दाखवतं, तेव्हा नायट्रेट नंतर मोजा.

एक धोका नव्या ड्राय रॉक टाक्यांत हटकून दिसतो. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्य झाले म्हणून लोक खूश होतात, आणि दोन आठवड्यांत वाळूवर तपकिरी बुळबुळीत तार येते, टोकाला बुडबुडा धरलेली. सकाळी विरळ, दुपारनंतर दाट. ते डायनोफ्लॅजेलेट. पोषण नसलं की इतर सगळे मागे पडतात आणि यांना मोकळं रान मिळतं. म्हणून नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ ठेवा, गरज पडली तर बाहेरून घालून. पहिले काही आठवडे घातलेलं फॉस्फेट दुसऱ्या दिवशी गायब दिसेल. ते चुनखडीचा दगड शोषून घेतो. दगडाची भूक भागेपर्यंत रोज मोजून घालत राहावं लागतं. या काळात मोठा स्किमर आणि फॉस्फेट काढणारी माध्यमं चालवणं म्हणजे डायनोंना आमंत्रण.

---

प्रवाळरांग

जिवांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं.

क्वारंटाइनची टाकी मुख्य टाकीच्या आधी चालू हवी. क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीचे पांढरे ठिपके किंवा मखमली रोग एकदा ८०० लिटरमध्ये शिरला तर तिथे औषध घालता येत नाही. तांबं कोरलं, गोगलगाई, कोळंबी सगळ्यांना मारतं आणि दगडात मुरतं. मग सगळे मासे पकडून बाहेर काढायचे आणि टाकी माशांशिवाय ठेवायची. हौशी लोकांत रूढ आकडा ७६ दिवसांचा आहे. ५५ किलो दगडांतून टँग पकडणं म्हणजे अर्धी मांडणी मोडणं. त्यापेक्षा १०० लिटरची उघडी टाकी, लपायला पीव्हीसीचे तुकडे, आणि चिलेटेड तांबं २ ते २.५ पीपीएमवर सलग ३० दिवस. रोज मोजून. पातळी एक दिवस खाली गेली तर दिवस पुन्हा एकपासून.

गोगलगाई आणि कोरलांचे तुकडेही माशांशिवायच्या वेगळ्या पाण्यात ठेवा, कारण परजीवीचे कोष कठीण पृष्ठभागाला चिकटून येतात. तुकड्याची खालची चकती शक्यतो तोडून टाका. ॲक्रोपोरा खाणाऱ्या चपट्या कृमींची अंडी तळाच्या मेलेल्या भागावर असतात आणि डिपने (औषधी द्रावणात बुडवल्याने) कृमी मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून डिप दर आठवड्याला, निदान चार-पाच वेळा.

झोअँथिड आणि पॅलिथोआ ही कोरलं हाताळताना हातमोजे आणि चष्मा, अपवाद न करता. त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन डोळ्यात उडालं किंवा जखमेत गेलं तर रुग्णालय गाठावं लागतं. असे दगड उकळणं, गरम पाण्याने किंवा तारेच्या ब्रशने घासणं कधीही नको. विष वाफेतून किंवा तुषारांतून श्वासात जातं आणि घरातले सगळे आजारी पडतात.

उजेड पीएआर मीटरने (कोरलांना उपयोगी पडणारा उजेड मोजणाऱ्या) मोजा, भाड्याने मिळाला तरी चालेल. मऊ कोरलांना ५० ते १००, एलपीएसना ८० ते १५०, एसपीएसना २०० ते ३५०. ७५ सेंमी रुंदीला दिव्यांची एकच रांग मधोमध लावली तर पुढच्या-मागच्या दगडांची बाजू अंधारात राहते. दिवे थोडे मागे-पुढे लावा. नवीन कोरल आधी तळाशी, तीन-चार आठवड्यांत वर. मंद उजेडाने कोरल तपकिरी पडतं आणि सावरतं, जास्त उजेडाने पांढरं पडलेलं अनेकदा सावरत नाही.

प्रवाह तासाला टाकीतल्या पाण्याच्या ४० पट तरी धरा, एसपीएसच्या भागात त्याहून जास्त. एकाच दिशेचा सलग झोत नको.

टँग सगळ्यात शेवटी आणि एकदमच सोडा, वेगवेगळ्या बांध्याचे. आधी आलेला टँग नंतरच्याला जगू देत नाही. निळा पॅराकँथुरस ३० सेंमीपर्यंत वाढतो, त्याला १८० सेंमी लांबी कमीच. रास मासे हवे असतील तर वर ६ मिमीची जाळी लागेल, ते उडी मारतात आणि बोटभर फटही शोधतात. प्रवाळभित्ती बांधणारी सगळी दगडी कोरलं सायटिसच्या (वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, तेव्हा तुमच्या देशाचा नियम आधी वाचा आणि जोपासलेले तुकडेच, कागदांसह घ्या.

---

शंखशिंपला

फार मोलाचं. उद्या काचवाल्याला माप द्यायचं आहे. पाइपांच्या भोकांचं काय सांगू?

---

भरतीओहोटी

उद्या देऊ नका. बल्कहेड (काचेच्या भोकात बसणारा, पाइप जोडायचा तुकडा) हातात आल्याशिवाय भोकाचं माप सांगायचं नाही. '४० मिमीचं बल्कहेड' म्हणजे पाइप ४० चा, भोक त्याहून बरंच मोठं, आणि प्रत्येक बनावटीत वेगळं. बल्कहेड घेऊन जा, कॅलिपरने बाहेरचा व्यास मोजा आणि त्यात १ ते २ मिमी जास्त धरा. भोकाची कड काचेच्या कडेपासून आणि शेजारच्या भोकापासून निदान एका भोकाच्या व्यासाएवढी लांब हवी. ज्या काचेला भोक पाडायचं ती टफन केलेली नको, ड्रिल लागताच तिचा चुरा होतो. काचवाल्याला हे तोंडी विचारून चालणार नाही, ऑर्डरवर लिहून घ्या.

बसवताना रबरी गॅस्केट फ्लँजच्या बाजूला, नटाच्या बाजूला नाही. सिलिकॉन लावू नका. नट हाताने घट्ट, मग पाव फेरा, बस. जास्त आवळलं की गॅस्केट बाहेर फुगतं आणि तिथूनच झिरपतं.

सिलिकॉन सुकायला पूर्ण आठवडा द्या. मग टाकी तिच्याच स्टँडवर, फोमसकट, साध्या पाण्याने तीन टप्प्यांत भरा. एक तृतीयांशावर एक दिवस, दोन तृतीयांशावर एक दिवस, पूर्ण भरून तीन दिवस. प्रत्येक सांध्याखाली आणि प्रत्येक बल्कहेडखाली कोरडा टिश्यू पेपर चिकटवा. थेंब डोळ्याला दिसण्याआधी कागदावर डाग दिसतो. पूर्ण भरल्यावर लेव्हल पुन्हा तपासा, भाराखाली स्टँड बसतो. आणि पाणी काढण्याआधी रिटर्न पंप चालू करून प्लग दहा वेळा उपटा. दर वेळी संप कुठपर्यंत चढतो तिथे मार्करने रेघ मारा. सगळ्यात वरची रेघ ३४ सेंमीच्या वर गेली तर तोंडं अजून अर्धा सेंमी वर घ्या.